माझा खोटा नेम

सन दोन हजार बावीस. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. आधार कार्ड चौसष्ट म्हणतं, पण ते शाळेच्या मास्तरांनी अंदाजानं टाकलेल्या तारखेवर चाललं आहे. माझी माय सांगायची ते वय खरं. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास माझ्या डाव्या गालात आतून एक चट्टा आला, आणि मी तो पाच महिने कोणाला दाखवला नाही.

मोठेपणा म्हणून सांगत नाही. मूर्खपणा होता. चाळीस वर्षं त्याच गालात तंबाखू धरली, तरी मला वाटायचं की चट्टा मिरचीनं आला असेल. मी मोताळा तालुक्यातला. चौथीपर्यंत शाळा, पुढं शेती. वांगी आणि मिरची लावतो. मिरचीवर आळ घ्यायला मला बरंच कारण होतं.

नागपूरच्या ज्या दवाखान्यात माझा इलाज झाला, तिथल्या एका बाईंनी मला हे लिहायला सांगितलं. म्हणाल्या, काका, नव्या पेशंटला वाचायला देऊ. तिथं भिंतीवर लावलेले असले कागद मी वाचले होते. त्यात सगळे शूर होते. मी तसा नव्हतो. म्हणून म्हटलं, आपलंही एक लावून ठेवा.

दुधात भाकर

चट्टा पकडला तो माझ्या बायकोनं, गोदानं. मला ठेचा झोंबायला लागला, मग कोरडी भाकर टोचायला लागली, म्हणून मी भाकर दुधात कुस्करायला लागलो. चार दिवस तिनं पाहिलं. पाचव्या दिवशी ताट हातात धरूनच उभी राहिली.

"जलमभर दुधाले नाक मुरडलं, अन् आता भाकर कालवून राह्यले? तोंड उघडा."

"नाई उघडत."

"मंग भाकरच नाई."

मी तोंड उघडलं. दोन बोटांच्या वर उघडलंच नाही. तिनं ताट खाली ठेवलं आणि पोराला हाक मारली, "गजू, गाडी काढ."

गजानन माझा एकुलता एक मुलगा. तो आधी मला बुलढाण्याला घेऊन गेला, तिथून अकोल्याला. तिथं गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

मी म्हटलं, "मीच हाओ माह्यासोबत. मले सांगा."

त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "पेरणी होऊन जाईन का माही?"

"पेरणी मुलाला करू द्या," ते म्हणाले. "तुम्ही नागपूरला जाऊन भरती व्हा. आता थांबू नका."

बाहेर आलो. गजूचे डोळे लाल होते, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं नाही. समोर उसाच्या रसाचं दुकान होतं. मी दोन गिलास रस प्यालो. पहिला तहानेचा. दुसरा भीतीचा. भीतीनं एवढा घसा सुकतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

नळीतलं भरीत

ऑपरेशनात त्यांनी गाल काढला, जबड्याचा एक तुकडा काढला आणि छातीचं कातडं वर ओढून गालात बसवलं. डॉक्टरकीचं याहून जास्त मला समजत नाही. एवढं समजलं की उठलो तेव्हा नाकात नळी होती आणि तोंडातून शब्द निघत नव्हता.

आमच्या वॉर्डात बहुतेक सगळे तोंडवाले, म्हणजे तोंडाच्या कॅन्सरचे. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, आणि सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. शेजारच्या खाटेवर वाशीमकडचे एक गुरुजी होते. आम्ही दोघं दुपारी पत्ते खेळायचो. ते चोऱ्या करायचे आणि मला ओरडता यायचं नाही. असा रमीचा डाव मी जन्मात खेळलो नाही.

नळीतून डाळीचं पाणी, ताक, दूध घालायचं काम सूनबाईकडे होतं. वैशाली तिचं नाव. मला त्याची फार लाज वाटायची. सुनेनं सासऱ्याला असं पाजावं, आणि तेही सगळ्या वॉर्डात! मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. तिला ते दिसलं असावं. एक दिवस ती पिचकारी भरता भरता म्हणाली, "मामाजी, आज नळीत काय घालू? वांग्याचं भरीत चालन का?"

मला हसू आलं, टाके ओढले गेले, डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून रोज तिचं चालू. पुरणपोळी घालू का, ठेचा घालू का. मी बोटांनी सांगायचो, दोन वाट्या.

पण मी रोज असा भला नव्हतो. एकदा गजूच्या अंगावर वाटी भिरकावली, कारण तो मला न विचारता कपाशीत फवारणी करून आला होता. तो वाटी उचलून बाहेर गेला आणि दोन तास आला नाही. आला तेव्हा एवढंच म्हणाला, "बाबा, शेत बी मीच पाहून राह्यलो अन् तुमाले बी. एकावर तरी भरोसा ठेवा." मी दोन्ही हात जोडले. बापानं पोराला हात जोडणं आमच्या घरात नाही. त्यानं माझे हात खाली केले.

पुढं रेडिएशनचे तीस शेक झाले. शेकाच्या वेळेस तोंडावर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा बसवून मान टेबलाला जखडतात. बैलाला मुसकं बांधतात, अगदी तसं. मी जन्मभर बैलांना मुसकं बांधलं, आता समजलं बैलाला काय वाटत असेल. नव्या माणसाला सांगतो, डोळे मिटायचे आणि आपलं काहीतरी मोजायचं. मी वांग्याची झाडं मोजायचो. अडीच ओळी होईपर्यंत शेक संपायचा.

पंगत

दवाखान्यातून सुटलो ते खुशीत. नळी निघाली, वजन पंधरा किलो गेलं होतं, पण चालता-बोलता झालो. बोलणं जरा बोबडं. लोक समजून घेतात. खरी गोष्ट पुढं निघाली.

माझ्या ओठाचा डावा कोपरा बधिर झाला आहे. तिथून घास किंवा पाणी गळलं तर मला कळत नाही. आणि चावायचं फक्त उजवीकडून, त्यामुळं जेवायला तास लागतो. घरी हे चालून गेलं. मग पुतण्याचं लग्न आलं. पंगतीत बसलो, नवा सदरा होता. दोन घास झाले असतील, समोरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि आपलं ताट हळूच बाजूला सरकवलं. मी खाली पाहिलं. वरण हनुवटीवरून छातीपर्यंत आलं होतं.

मी उठलो. त्या दिवसापासून मी कोणासमोर जेवलो नाही. गोठ्याशेजारी एक खोली आहे, ढेप-कडबा ठेवायची. तिथं दार लावून जेवायचो. गोदासमोर नाही, गजूसमोर नाही. कॅन्सरला मी भ्यालो तसा भ्यालो, पण तो आत होता. हे बाहेर होतं, लोकांना दिसत होतं. मी उभ्या गावात मान वर करून चाललेला माणूस. मला ते झेपलं नाही.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवाळीला माझी मुलगी शोभा माहेरी आली, तिला घेऊन तिचे सासू-सासरे आले. सासरे म्हणजे माझे व्याही. आमच्याकडे त्यांना इवाई म्हणतात. इथं त्यांना भास्करराव म्हणतो, ते खरं नाव नाही. हे लिहू का असं मी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, लिहा, पण नाव बदला, आणि तुमच्यापेक्षा मी देखणा आहे तेही टाका. टाकलं.

तर ताटं वाढली आणि मी गोठ्याकडे निघून गेलो. भास्करराव हात आखडून बसले. आमच्यात घरचा इवाई ताटावर बसल्याशिवाय पाहुणा इवाई घास तोडत नाही.

"इवाई नाही बसत तर मी कसा बसू?" ते म्हणाले. त्यांचं गाव सिंदखेडराजाकडचं, त्यांची बोली जालन्याच्या अंगाची. "माझं काही चुकलं का?"

गोदा गडबडली. मी दाराआडून ऐकत होतो. ती म्हणाली, "नाई हो, त्यायनं नेम धरला हाये. दुखण्यातून उठलो तं कोणासमोर अन्न घेनार नाई, असं बोलले होते ते."

भास्कररावांनी लगेच हात जोडले. "मोठा नेम हाय," म्हणाले, आणि जेवले.

खरं सांगतो, मला तो नेम आवडला. लाजेपेक्षा नेम चांगला दिसतो. मी गोदाला रागावलो नाही आणि शोभाला म्हटलं, "तू बी गप राह्य." ती गप्प राहिली. इथं आमचं सगळ्यांचं चुकलं.

गाडी

ऑपरेशनला दोन वर्षं होत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या. त्याच आठवड्यात भास्कररावांचा फोन आला. त्यांच्या शेतात मारुती आहे, दरवर्षी माघात त्याचे रोडगे असतात. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. सगळ्यांनी या, म्हणाले.

गजू म्हणाला, "चारचाकी सांगतो."

"मी माह्या गाडीवर जाईन," मी म्हटलं. माझी जुनी मोटरसायकल दोन वर्षं पोत्याखाली उभी होती.

"बाबा, खांदा दुखते तुमचा. अन् अडीचशे किलोमीटर होईन जाऊन-येऊन."

"आडवा माणूस चारचाकीत नेतात. मी बसून जाईन."

गोदा म्हणाली, "मी यायच्याच मागं बसीन. पडलो तं दोघं पडू, एकाच खर्चात होईन." तिच्यापुढं गजूचं काही चालत नाही.

ठरलं असं: एका गाडीवर मी आणि गोदा, दुसरीवर गजू आणि वैशाली. नातवंडं त्यांच्या मामाकडे. आणि सरळ रस्त्यानं जायचं नाही. मी म्हटलं, दोन वर्षं मी छत पाहिलं, आता जिल्हा पाहतो. खामगाव, मेहकर, लोणार करत जायचं आणि चिखलीवरून परत यायचं.

आठ दिवस खळ्यात गाडी शिकलो, पुन्हा नव्यानं. पहिले दोन दिवस किकच बसेना. तिसऱ्या दिवशी बसली तर म्हशीनं दावं तोडलं.

हेल्मेट मला फार मानवलं. त्यात सगळे सारखे दिसतात. नांदुऱ्याच्या पुढं मोठ्या रस्त्याला लागलो, काच थोडी वर केली, तोंडावर वारा आला. डाव्या गालाला तो कळत नव्हता, उजव्यालाच कळत होता. अर्ध्या तोंडानं का होईना, पण मी मोठ्यानं ओरडलो. गोदानं पाठीवर थाप मारली. आमच्या खुणा ठरल्या होत्या: एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा आणि पाणी प्या, कारण शेकानं माझ्या तोंडातली लाळ सुकली आहे. ही थाप एकच होती, पण जोराची.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. ओरडा तुम्ही."

खामगावात कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून निघता निघता दुपार झाली. गजू-वैशालीनं हॉटेलात कचोरी खाल्ली. मी हॉटेलामागं लिंबाखाली, भिंतीकडे तोंड करून डब्यातली पातळ खिचडी खाल्ली. वाटेत गोठ्याची खोली कुठून आणणार? गोदा माझ्या पाठीला पाठ लावून बसली आणि आपली भाकर खाल्ली. तिनं वळून पाहिलं नाही, मीही नाही. पण पुतण्याच्या लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा एकत्र जेवलो ते त्या दिवशी.

मेहकरच्या अलीकडं डावा खांदा भरून आला. क्लच दाबताना बोटं सुन्न व्हायची. मी सांगितलं नाही. थोड्या वेळानं वैशालीनं पुढं येऊन हात दाखवला, "मामाजी, थांबा न, माही कंबर गेली." तिची कंबर चांगली ठणठणीत होती. मला समजलं ते मी समजू दिलं नाही.

मेहकरला मुक्काम केला, सकाळी लोणारला विवराच्या काठावर उभे राहिलो. गजू गंभीर झाला. "बाबा, पाहा, आभायातून एवढा मोठा घाव पडला, तरी..."

"गजू, भाषण नको देऊ. मले लघवीले जायचं हाये."

वैशाली एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

साडीचा आडोसा

भास्कररावांच्या शेतात पोचलो तेव्हा गोवऱ्यांचा धूर निघत होता आणि वांगी शिजत होती. दोन ओळीत वीस-पंचवीस माणसं बसायच्या तयारीत. मी हेल्मेट काढलं आणि पाहतो तर काय, चिंचेखाली दोरी बांधून त्यावर नवी साडी टाकलेली. आत पाट, पाटाभोवती रांगोळी, समोर उदबत्ती. इहीणबाई म्हणजे शोभाची सासू पुढं आल्या, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि पाया पडल्या. इहिणीनं इवायाच्या पाया पडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मागं एक म्हातारी, तिच्यामागं आणखी तिघी.

"यांनीच का नेमानं कॅन्सर जिरवला?" म्हातारीनं विचारलं.

"हो, हेच," इहीणबाई म्हणाल्या.

गजूनं काढलेलं हेल्मेट परत डोक्यात घातलं. हसू लपवायला. गोदा माझ्याकडे पाहीना. आणि मी? मी आशीर्वाद दिला. हात वर केला आणि दिला. अंगात माज असला की माणूस काहीही करतो.

मला आडोशात बसवलं. भगर आणि दूध आणून ठेवलं. मग साडी सरकवून भास्करराव आत आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. आवाज बारीक केला.

"इवाई, तुम्हाला एक दाखवायचं व्हतं. घरात कोणाला माहीत नाही."

त्यांनी तोंड उघडलं आणि बोटानं उजवा गाल ओढला. आत पांढरा चट्टा, कडेनं लाल. आपल्या शेताचा बांध ओळखावा तसा मी तो ओळखला.

"कधीपासून हाये हे?"

"पोळ्यापासून."

"डॉक्टर?"

"डॉक्टर कशाला? तुमच्यासारखाच नेम धरलाय मी. दिवाळीला तुमच्या घरून आलो अन् धरला. कोणासमोर जेवत नाही. आज बी पंगतीत नुसता बसणार, खाणार नाही. उतरायला लागलाय असं वाटतंय." आणि त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला. "तुम्ही वाचलात तसा मी बी वाचन."

मी भ्यालो. रिपोर्टच्या दिवशी भ्यालो नव्हतो एवढा. त्या दिवशी माझंच मरण होतं. हे मरण माझ्यामुळं होतं.

"इवाई, नेम-बिम काई नाई," मी म्हटलं. "मी ऑपरेशननं वाचलो. शेकानं वाचलो. नेम हे खोटं हाये."

ते हसले आणि वाकून पाया पडले. "मोठी माणसं असंच म्हणतात."

"अहो, खरंच सांगून राह्यलो!"

"म्हणूनच तर तुमचा नेम फळाला आला. गर्व नाही तुम्हाला."

गर्व नाही, हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. बोलून हा माणूस ऐकणार नव्हता. मी जितकं खरं बोललो असतो तितका मोठा महाराज झालो असतो. बाहेरून कोणीतरी हाक दिली, पानं वाढली, या. ते उठून गेले. मी दोन मिनिटं भगरीकडे पाहत बसलो. पंगतीत बसायचं आणि सगळ्यांसमोर गळायचं, नाहीतर हा माणूस आणखी सहा महिने नेम पाळत बसणार. दुसरी वाट दिसली नाही. 

मग उठलो आणि ती साडी दोरीवरून ओढून काढली.

सगळी पंगत माझ्याकडे पाहायला लागली. मी जाऊन भास्कररावांच्या समोर बसलो, ओळीत, मातीवर.

"मले रोडगा वाढा," मी म्हटलं.

कोणी हलेना. इहीणबाई म्हणाल्या, "अहो, तुमचा नेम..."

गोदा उठली. तिनं माझ्या पानावर रोडगा फोडला, बारीक कुस्करला, वरण घातलं, तूप घातलं, मऊ केलं आणि बाजूला बसली. मी घास घेतला. उजवीकडून चावला. मला माहीत होतं काय होणार, आणि या वेळेस मी पुसायला हात नेला नाही. समोरच्या लोकांच्या डोळ्यांवरून मला कळत होतं की वरण कुठवर आलं आहे. आधी हनुवटीवर, मग सदऱ्यावर.

दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मग बोललो.

"पाहून घ्या. हाच माहा नेम. मले लाज वाटते म्हणून मी लपून जेवतो. नेमानं काई झालं नाई. चट्टा मी पाच महिने लपवला म्हणून गाल गेला अन् जबड्याचा तुकडा गेला. लवकर गेलो असतो तं तुमच्यासारखा जेवलो असतो."

"म्याच खोटं बोलली," गोदा म्हणाली. "यायची लाज झाकाले बोलली."

 मग ती म्हातारी म्हणाली, "मग मी पाया पडले त्याचं काय आता?"

"आजी, ते नागपूरच्या डॉक्टरच्या पायी जमा करा," मी म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि म्हातारीनं तोंडाला पदर लावला. शोभा भाजीचं पातेलं हातात घेऊन उभी होती, ती तशीच रडत होती आणि हसत होती. एक सांगतो, कोणीही पान बाजूला सरकवलं नाही.

फक्त भास्करराव हसले नाहीत. ते पानावरून उठले आणि विहिरीकडे निघून गेले.

विहीर

मी जेवण पुरं केलं. तास लागला. पंगत उठली, भांडी घासली, मी आपला चावत होतो. रोडग्याला चव होती. धुराची चव दोन वर्षांत पहिल्यांदा कळली.

ऊन उतरल्यावर विहिरीवर गेलो. भास्करराव काठावर बसले होते.

"तुम्ही मला फसवलं," ते म्हणाले. "मी तीन महिने उपाशीतापाशी राहिलो."

"फसवलं. माफी मागतो."

"माफीनं काय व्हतं? आता मला भीती वाटायला लागली. नेम व्हता तोवर वाटत नव्हती."

 मी शेजारी बसलो. भीती मलाही होती, अजून आहे, दर तपासणीच्या आधी आठ दिवस असते. ते मी त्यांना सांगितलं. गाल कापला ते, नळी, मुसकं, वांग्याच्या ओळी, सगळं सांगितलं. वैशालीचं भरीतही सांगितलं. ते एकदा नाकातून हसले.

"उद्या सात वाजता गाडी काढतो," मी म्हटलं. "जालन्याले दवाखाना हाये, तिथं दाखवू."

"मी नाही येत."

"नका येऊ. मंग मी इथंच राह्यतो. तुमच्या ओट्यावर बसून रोज दोन वेळा जेवीन, उभ्या गावासमोर. एका वेळेले एक तास. पोरीच्या सासरी मले कोणी हाकलू शकत नाई."

"तुम्ही लई हट्टी हाय, इवाई."

"हाव," मी म्हटलं. "हे मातर खरं हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गाडी बाहेर काढली. भास्करराव आधी म्हणाले गाय विणार आहे, मग म्हणाले टोपी सापडत नाही. गायीजवळ गजूला बसवलं, रात्रीच चट्ट्याचं कळलेल्या इहीणबाईंनी टोपी आणून त्यांच्या डोक्यावर दाबून बसवली आणि म्हणाल्या, "जा आता, नाहीतर मीच बसते मागं." ते बसले. वाटेत त्यांनी माझा सदरा कमरेपाशी मुठीत धरून ठेवला होता.

दवाखान्यात तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कोण?"

भास्कररावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी त्यांचं बोट धरलं, त्यांना खुर्चीत बसवलं, टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्यासमोर माझं तोंड उघडलं, दोन बोटं उघडतं तेवढं.

"असं करा, इवाई," मी म्हटलं. "आ."